फुल रेंज, तरी ‘हॅलो हॅलो’: ५जीवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की ५जीबद्दल जे काही डोक्यात असेल ते विचारा, तर ठाणे-नवी मुंबईकरांनी पत्रांची नि मेलची रांगच लावली. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, तक्रारीतली कंपन्यांची नावं काढून टाकलीत, आणि ज्यांनी तीन तीन पानं लिहिली त्यांनी, आम्ही कात्री चालवली म्हणून रागावू नका.

प्रश्न: दादा, आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहायला आलोय. खाली गेटपाशी ५जी सुसाट चालतं, वर घरात आलं की दांड्या फुल पण आवाज तुटतो, गॅलरीत जाऊन ओरडून बोलावं लागतं. कस्टमर केअरवाले म्हणतात तुमच्या एरियात नेटवर्क उत्तम आहे. सरकारचा याला काही नियम आहे की नाही?
— एक वाचक, घोडबंदर रोड

उत्तर: नियम आहे, पण तो तुमच्या हॉलपर्यंत येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे ५जी मुख्यतः ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. या लहरी वेगाला भारी पण भिंत आली की गळपटतात. त्यात नव्या बिल्डिंगांच्या काचांवर ऊन अडवायला धातूचा पातळ थर दिलेला असतो, तो उन्हासोबत सिग्नलही अडवतो. आणि उंचावरची अजून एक गंमत म्हणजे मोबाइल टॉवरचे अँटेना थोडे खाली झुकवलेले असतात कारण गिऱ्हाईक रस्त्यावर आणि खालच्या मजल्यांवर जास्त, त्यामुळे बाविसाव्या मजल्यावर शेजारच्या टॉवरचा नीट सिग्नल मिळत नाही पण लांबच्या चार-पाच टॉवरचा अर्धवट सिग्नल एकदम येतो, आणि फोन कुणाला धरू नि कुणाला सोडू करत बसतो. म्हणून दांड्या फुल आणि कॉल कट.

आता नियमाचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून ट्रायचे, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, सेवा-दर्जाचे नवे नियम लागू झाले. त्यात कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर २जी, ४जी, ५जी कुठे मिळतं त्याचे नकाशे टाकायचे, कॉल ड्रॉप वगैरेचे आकडे द्यायचे, दर्जा घसरला तर दंड १ लाखापासून १० लाखांपर्यंत चढत जातो. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून जास्त बंद पडली तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना व्हॅलिडिटी वाढवून द्यायची, हेही आहे. ऐकायला छान. पण दर्जा मोजतात कसा? कंपनीच्या सिस्टिममधल्या आकड्यांवरून, आणि ट्राय स्वतः गाडी फिरवून ड्राइव्ह टेस्ट घेतं, काही गर्दीच्या जागी चालत फिरून टेस्ट घेतं. म्हणजे घोडबंदर रोडवरून गाडी गेली, स्पीड मस्त आला, एरिया पास. तुमचं किचन त्या परीक्षेत नाहीच. कस्टमर केअरवाला खोटं बोलत नाहीये, तो फक्त तुमच्या घराबद्दल बोलत नाहीये.

स्पेक्ट्रम (लहरींचे पट्टे वापरायचा हक्क) विकताना ज्या रोलआउटच्या, म्हणजे जाळं पसरवायच्या, अटी घातल्या त्याही अशाच, पहिल्या वर्षात प्रत्येक परवाना क्षेत्रात कुठेतरी सेवा सुरू करून दाखवा, मग पुढचे टप्पे. मोठ्या दोन कंपन्यांनी ती पहिली अट कधीच पार केली. माझ्या मते आपल्या सगळ्या ५जी नियमनाची गोम इथेच आहे, सरकार आणि कंपनी यांच्यातला व्यवहार अगदी काटेकोर बांधलाय, गिऱ्हाइकाला घरात काय मिळणार यावर मात्र जवळपास काहीच लिहिलेलं नाही.

मग करायचं काय? एक तर घरी वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग चालू करा, वेगळे पैसे पडत नाहीत आणि निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. दुसरं, तोंडी भांडू नका, तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे अपील करा, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायला थेट पत्र पाठवून काही होत नाही, ते एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाहीत. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र उघडा आहे, टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

आणि कृपा करून ऑनलाइन दोन-तीन हजाराचा ‘सिग्नल बूस्टर’ मागवू नका. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि तुमच्या बूस्टरमुळे शेजारच्या विंगमधल्या सगळ्यांचं नेटवर्क बोंबलतं.

खरा उपाय म्हणजे बिल्डिंगच्या आत केबल टाकून मजल्यामजल्यावर छोटे अँटेना बसवणं. ट्रायने २०१७ मध्येच सुचवलं होतं की बिल्डिंगच्या आतली ही यंत्रणा सगळ्या कंपन्यांना वापरता आली पाहिजे, एकाच कंपनीशी गुपचूप करार नको. २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचे स्टार द्यायचे नियमही आले, पण ते ऐच्छिक आहेत, बिल्डरला वाटलं तर तो रेटिंग घेणार. आता सांगा, क्लब हाऊस आणि स्विमिंग पूलचे फोटो छापणारा कुठला बिल्डर स्वतःहून ‘आमच्याकडे लिफ्टमध्ये फोन लागतो का’ याची परीक्षा देईल? घर घेताना तुम्हीच विचारा, आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये उभं राहून एक कॉल लावून बघा.

प्रश्न: मला व्हॉट्सअॅपवर पत्र आलंय, ५जी टॉवरसाठी माझी दिव्याजवळची जागा ‘सिलेक्ट’ झालीय, महिना ४५ हजार भाडं आणि १५ लाख अॅडव्हान्स, आधी फक्त २५ हजार रजिस्ट्रेशन आणि ट्रायच्या एनओसीची फी भरायची. भरू का?
— एक वाचक, दिवा

उत्तर: नाही. ट्राय टॉवरसाठी एनओसी देतच नाही. टॉवर कंपनी तुमच्याकडून पैसे घेत नसते, तुम्हाला देत असते. भरले असतील तर आत्ताच्या आत्ता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा, भरले नसतील तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवा.

प्रश्न: मी खारघरमध्ये सोसायटीची सेक्रेटरी आहे. एका टॉवर कंपनीने आमच्या गच्चीसाठी ऑफर दिलीय, भाड्यातून लिफ्टचं काम निघेल असं कमिटीला वाटतं. पण वरच्या मजल्यावरच्या दोन कुटुंबांचा कडाडून विरोध आहे, रेडिएशनने कॅन्सर होतो, चिमण्या मरतात वगैरे फॉरवर्ड रोज ग्रुपवर येतात. एक जण म्हणतो महापालिकेची परवानगी लागते, दुसरा म्हणतो लागत नाही. प्रॉपर्टी टॅक्स वाढेल अशीही भीती घातलीय. काय खरं?
— एक वाचक, खारघर

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि ग्रुपवर ते एकमेकांत मिसळून भांडण चाललंय, तेव्हा एकेक घेऊ.

रेडिएशनचं आधी, कारण बाकी सगळं त्याच्यावर अडलंय. टॉवरच्या लहरी एक्स-रेसारख्या नसतात, त्यांच्यात पेशीतले बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते, जोर खूप असेल तर त्या ऊब आणतात आणि मर्यादा त्या हिशोबानेच ठरवलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे ती भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्यासाठी एक दशांशावर आणली, म्हणजे जिथे बाहेर चौरस मीटरला १० वॅट चालतात तिथे आपल्याकडे १ वॅट. मग २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरींना ‘शक्यता असू शकते’ अशा २बी गटात टाकलं ते काय? टाकलं, खरं आहे. पण त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या पण आहेत, त्या गटाचा अर्थ पुरावा अपुरा आहे, अजून बघायला हवं, एवढाच. जूही चावला ५जीविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या होत्या ते आठवत असेल, जून २०२१ मध्ये कोर्टाने उलट २० लाखांचा दंड ठोकला, पुढे तो २ लाखांवर आला. दुसरी बाजूही सांगतो, राजस्थान हायकोर्टाने २०१२ मध्ये शाळा-हॉस्पिटलांवरचे टॉवर काढायला लावले होते. म्हणजे कोर्टांचाही सूर नेहमी एक नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांना एक गोष्ट समजावून सांगा, अँटेना आपला झोत समोर लांब फेकतो, पायाखाली नाही. गच्चीवर टॉवर असेल तर त्याच्या बरोब्बर खालच्या फ्लॅटमध्ये फारच थोडं पोचतं, मध्ये स्लॅबही असतो. बघायचं असेल तर समोरच्या, त्याच उंचीच्या बिल्डिंगीकडे बघायचं. आणि नुसतं माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, सरकारचं ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल आहे, त्यावर आपल्या आजूबाजूचे टॉवर दिसतात, आणि ४००० रुपये फी भरली की आपल्या जागी मोजणी करून मिळते. ग्रुपवर वर्षभर भांडण्यापेक्षा सोसायटीने चार हजार घालून आत्ताची मोजणी करून घ्यावी आणि टॉवर लागल्यावर परत एकदा करावी, दोन्ही कागद नोटीस बोर्डावर लावावेत.

परवानगीचं म्हणाल तर दोघेही थोडे थोडे बरोबर. २०२२ मध्ये राइट ऑफ वेच्या (टॉवर नि केबलसाठी जागा वापरायच्या) नियमांत बदल झाला तेव्हापासून खासगी जागेवर मालकाशी करार झाला असेल तर कंपनीला स्थानिक संस्थेची परवानगी मागत बसावं लागत नाही, आधी लेखी कळवायचं आणि सोबत इमारत हा भार पेलेल असं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र जोडायचं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली आता राइट ऑफ वेचे नवे नियम आलेत, ते १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. माझं स्वतःचं मत असं की भीती बाळगायची तर ती रेडिएशनपेक्षा या प्रमाणपत्राबद्दल बाळगा. खारघर-कोपरखैरणे-नेरुळकडे जुन्या बिल्डिंगांच्या गच्च्यांची गळती आपल्याला माहितीये, त्यावर खांब, बॅटऱ्या, कॅबिनेट, वर पावसाळ्यातला वारा. कंपनीने आणलेल्या इंजिनिअरवर न थांबता सोसायटीने आपला माणूस लावून तपासून घ्या.

प्रॉपर्टी टॅक्सवर डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की मोबाइल टॉवरवर पालिका कर लावू शकते. त्यावरून बऱ्याच पालिका नि कंपन्यांत जुंपली. २०२३ च्या कायद्याच्या कलम १४ ने चित्र बदललं, नेटवर्क हे ज्या मालमत्तेवर बसवलंय तिचा भाग धरायचंच नाही, मालमत्ता कराच्या दृष्टीनेही नाही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. पण पालिकेकडून नोटीस आलीच तर उत्तर कोण देणार आणि पैसे कोण भरणार हे करारातच लिहून घ्या. भाड्यावरच्या इन्कम टॅक्सचं तुमच्या सीएला विचारा, मेंटेनन्ससारखं ते करमुक्त सुटत नाही.

आणि शेवटचं म्हणजे, कमिटीने परस्पर सही करू नये. जनरल बॉडीत ठराव घ्या, विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मिनिट्समध्ये लिहा, वेगळा वीज मीटर, जनरेटर रात्री चालणार की नाही, गच्चीची चावी कुणाकडे, गळती झाली तर कोण दुरुस्त करणार, किती वर्षांचं लॉक-इन, हे सगळं कागदावर. लिफ्टचा खर्च दिसला की माणसं वाचायचं विसरतात.

प्रश्न: वर्तकनगरला आमच्या रस्त्यावर फायबरच्या नावाखाली सतत खोदकाम. आज एक कंपनी, ती बुजवून गेली की दुसरी. ५जी तर हवेतून येतं ना, मग खड्डे कशाला?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: काका, हवेतून येतं ते फक्त टॉवरपासून तुमच्या फोनपर्यंत, त्याच्या मागे सगळा जमिनीतला कारभार. टॉवर फायबरने जोडला नसेल तर वर ५जीचा डबा लावून उपयोग नाही, नळ मोठा आणि टाकी रिकामी.

खोदण्याचे नियम पूर्वी प्रत्येक पालिकेचे निराळे होते, मनाला येईल तो दर. २०१६ मध्ये केंद्राने राइट ऑफ वेचे नियम केले, शुल्काला मर्यादा घातली, आणि संस्थेने मुदतीत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरायचं अशी तरतूद केली. २०२२ च्या बदलात दिव्याच्या खांबावर छोटा ५जी डबा लावायचं भाडंही ठरवलं, शहरात वर्षाला एका खांबाचे ३०० रुपये आणि गावात १५०. वर्षाला हं, महिन्याला नाही. वडापावच्या गाडीला यापेक्षा जास्त पडतात. केंद्राचा विचार असा की जाळं लवकर पसरावं, आणि तो चूक नाही, पण रस्ता पालिकेचा, खड्ड्याच्या शिव्या नगरसेवकाला, आणि दर ठरवणार दिल्ली, मग पालिका फाइल दाबून ठेवते तेही समजण्यासारखं आहे.

एकदाच खोदून सगळ्यांसाठी डक्ट (केबलची नळी) टाकायचा आणि कंपन्यांनी त्यात केबल ओढायची, हा शहाणपणाचा मार्ग सगळ्यांना पाठ आहे. २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅपही आलं, खोदण्याआधी खाली कुणाची लाइन आहे ते विचारून घ्यायचं. तुम्ही एवढं करा, कामाच्या जागी लावलेल्या बोर्डावरचा परवानगी क्रमांक आणि मुदत टिपून घ्या, बोर्डच नसेल तर तीच तक्रार वॉर्ड ऑफिसला करा. रस्ता पूर्ववत करायची जबाबदारी खोदणाऱ्यावर असते.

प्रश्न: उलव्यात राहतो, विमानतळ अगदी डोक्यावर. ५जीमुळे विमानांना धोका असतो म्हणतात, म्हणून इथे ५जी देणार नाहीत हे खरं का?
— एक वाचक, उलवे

उत्तर: यात थोडं तथ्य आहे. विमान जमिनीपासून किती उंच आहे ते मोजणारं रेडिओ अल्टिमीटर ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतं. अमेरिकेत ५जी ३७०० ते ३९८० वर आणलं, ते अल्टिमीटरच्या बरंच जवळ आलं आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडियासकट अनेकांनी तिकडची काही उड्डाणं रद्द केली. आपलं ५जी ३६७० ला संपतं, म्हणजे मधे चांगलं अंतर आहे. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने काही विमानतळांपुरतं सांगितलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले ५जी टॉवर नकोत. त्यात आपल्या राज्यातले पुणे आणि नागपूर होते. नवी मुंबईचं नाव त्यात नव्हतं, इथली विमानं त्यानंतर तीन वर्षांनी, २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली.

मुद्दा असा की ही बंदी एका पट्ट्यापुरती होती, ४जीची किंवा ७०० मेगाहर्ट्झवरच्या ५जीची नव्हती. तेव्हा विमानतळाचं नाव पुढे करून कुणी तुम्हाला ‘म्हणून कॉल लागत नाही’ सांगत असेल तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न: आमचं मूळ घर शहापूर तालुक्यात डोळखांबकडे. ठाण्यात ५जी, तिकडे एका पाड्यावर फोन लावायला टेकडीवर चढतात. एकाच जिल्ह्यात इतका फरक कसा चालतो?
— एक वाचक, कळवा

उत्तर: सरकारी नकाशात जिल्हा एक असला तरी टेलिकॉमच्या नकाशात नाही. देशाचे २२ परवाना विभाग आहेत, त्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणच्या टेलिफोन क्षेत्रापर्यंतचा भाग मुंबई सर्कलमध्ये आणि त्याच्या बाहेरचा महाराष्ट्र सर्कलमध्ये. कंपनीने मुंबई सर्कलसाठी वेगळे पैसे मोजलेले असतात आणि ते वसूल करायला तिला ठाण्या-वाशीची दाट वस्ती पुरते. महाराष्ट्र सर्कलची अट पुणे-नाशिकसारख्या शहरांत भागत असेल तर डोळखांबच्या पाड्यावर कोण धावत जाणार.

त्यासाठीच एक निधी आहे, कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के त्यात जातात, पूर्वी त्याला यूएसओ फंड म्हणायचे आता डिजिटल भारत निधी. म्हणजे तुमच्या आमच्या रिचार्जमधूनच. जुलै २०२२ मध्ये केंद्राने जिथे ४जी पोचलेलं नाही अशा २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, आणि जानेवारी २०२५ पासून या निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ कुणाचंही सिम चालेल अशी सोय सुरू केली. मला विचाराल तर ५जीच्या सगळ्या गाजावाजापेक्षा हे काम मोठं आहे. पाड्यावर रात्री बाळंतपणाला गाडी बोलवायची तर ५जी लागत नाही, एक धड चालणारा ४जी टॉवर लागतो, आणि पावसात लाइट गेल्यावर त्याची बॅटरी टिकावी लागते. ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि तो तहसीलदार आणि खासदार दोघांकडे द्या, गाव यादीत आहे का ते लेखी विचारा.

प्रश्न: माझ्याकडे साधा बटणांचा फोन आहे. मुलगा म्हणतो आता २जी बंद होणार, स्मार्टफोन घ्यावाच लागेल. शिवाय मला नेट नको तरी रिचार्जमध्ये डेटाचे पैसे का भरायचे?
— एक आजी, नौपाडा

उत्तर: आजी, २जी कधी बंद करायचं हे सरकारने ठरवलेलं नाही, ते कंपन्यांवर सोडलंय. जिओकडे २जी कधी नव्हतंच, बंद करा असा आग्रह तेच धरतात, बाकीच्यांचं २जी अजून चालू आहे. तुमचा फोन उद्या सकाळी मुका होणार नाही.

डेटाचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं, आणि ते ट्रायनेही मानलं. २३ डिसेंबर २०२४ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि मेसेजचा किमान एक पॅक ठेवावा लागतो, त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. ठेवलेत, पण अॅपमध्ये ते पहिल्या पानावर दिसणार नाहीत याची काळजी घेतलीय. दुकानदाराला ‘डेटा नसलेला, व्हॉइस-ओन्ली’ असं स्पष्ट सांगा. कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच राहतो, नातवाला सांगा १९०० ला मेसेज करून द्यायला.

प्रश्न: टीवायला अर्थशास्त्र आहे. सरकारने ५जी स्पेक्ट्रममधून दीड लाख कोटी कमावले, मग तेच पैसे आपल्याकडून रिचार्ज वाढवून वसूल केले जातात ना? लिलाव न करता फुकट द्यायला हवं होतं का? आणि रिचार्जचे दर ट्राय का ठरवत नाही?
— एक विद्यार्थी, वाशी

उत्तर: मित्रा, प्रश्न चांगला आहे आणि परीक्षेत याचं उत्तर लिहिलंस तर दोन्ही बाजू लिही, मी इथे माझीच लिहिणार.

फुकट, म्हणजे ‘प्रथम येणाऱ्यास’ देऊन बघितलं होतं. २००८ च्या त्या २जी वाटपाचं पुढे काय झालं ते तुझ्या जन्माच्या आसपासचं राजकारण, २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले. त्यानंतर लिलावाशिवाय द्यायची कुणाची हिंमत नाही. तेव्हा प्रश्न लिलाव हवा की नको असा नाहीये, बोली कितीपासून सुरू करायची आणि त्या बदल्यात काय करून घ्यायचं, असा आहे.

७०० मेगाहर्ट्झचीच गोष्ट बघ. हा पट्टा सोन्यासारखा, लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, गावाला आणि आपल्या बाविसाव्या मजल्याला दोघांनाही हवा तोच. २०१६ च्या लिलावात त्याची किंमत एवढी चढी ठेवली की कुणी हात लावला नाही. २०२१ मध्ये परत तेच. शेवटी २०२२ ला ट्रायने किंमत जवळपास ४० टक्के खाली आणायची शिफारस केली आणि मग एकट्या जिओने देशभरासाठी १० मेगाहर्ट्झ ३९,२७० कोटींना घेतला. सहा वर्षं ही लहर हवेत नुसती पडून होती, सरकारला रुपया नाही, लोकांना रेंज नाही. जास्त किंमत म्हणजे देशाचा फायदा असं समजणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

२०२२ चा लिलाव सात दिवस चालला, ४० फेऱ्या, एकूण १,५०,१७३ कोटी. त्यात ८८,०७८ कोटी जिओचे, ४३,०८४ एअरटेलचे, १८,७९९ व्होडाफोन आयडियाचे आणि २१२ कोटी अदानींचे. पण हे पैसे लगेच तिजोरीत आले नाहीत, २० वार्षिक हप्ते आणि वर ७.२ टक्के व्याज. अदानींनी घेतलेला स्पेक्ट्रम पुढे एअरटेलला देण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, म्हणजे घेतला, वापरला नाही, दिला. आणि जून २०२४ च्या लिलावात तर दुसऱ्याच दिवशी सात फेऱ्यांत सगळं आटोपलं, जेमतेम ११,३४० कोटी. कंपन्यांची भूक संपलेली.

आता दरांचं. ट्रायला दर ठरवायचा अधिकार आहे पण मोबाइलच्या बाबतीत त्याने बरीच वर्षं हात आखडता घेतलाय, कंपन्या दर लावतात आणि कामकाजाच्या सात दिवसांत ट्रायला कळवतात. दहा-बारा कंपन्या एकमेकींचे गळे धरत होत्या तोवर हे छान चाललं, आपण जगातला स्वस्तातला डेटा वापरला. आता खासगी तीन उरल्यात, त्यातली एक कर्जात. जुलै २०२४ मध्ये दोघींनी ३ तारखेला आणि तिसरीने ४ तारखेला दर वाढवले, आणि पहिल्या दोघींनी अनलिमिटेड ५जी रोज २ जीबीच्या आणि त्यावरच्या पॅकवर नेऊन ठेवलं. संगनमत होतं असं मी म्हणत नाही. तिघांच्या बाजारात संगनमताची गरजच पडत नाही, एकाने वाढवलं की बाकीच्यांना कळतं.

आणि पंच कोण? सरकार स्पेक्ट्रमचं विक्रेतं, बीएसएनएलचं मालक, थकबाकीचं शेअरमध्ये रूपांतर करून व्होडाफोन आयडियाचं एप्रिल २०२५ पासून जवळपास ४९ टक्के भागीदार. ट्राय या सगळ्यावर शिफारशी करतं, त्या मानायच्या की नाही ते परत सरकार ठरवतं. सुरक्षेच्या कारणाने जून २०२१ पासून यंत्रसामग्रीही फक्त सरकारने मान्य केलेल्या स्रोतांकडूनच घ्यायची, त्याला माझा आक्षेप नाही, पण त्याने निवड कमी होते हे नाकारण्यात अर्थ नाही.

मला काय वाटतं सांगू, किंमत थोडी उतरवावी आणि त्या बदल्यात अट कडक करावी. अमुक सर्कलमध्ये सेवा सुरू केली एवढ्यावर न सोडता, इतक्या टक्के घरांच्या आत एवढा वेग मिळालाच पाहिजे, नाही मिळाला तर हप्त्यात सूट नाही. मोजणं अवघड आहे असं कंपन्या म्हणतील. फोन कुठल्या सेलला जोडलाय, सिग्नल किती कमजोर आहे, कॉल कुठे तुटला, हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर सेकंदासेकंदाला असतं, तेव्हा ते कारण मला तरी पटत नाही.

प्रश्न: २०२१ मध्ये ५जी फोन घेतला, आता त्यात एका कंपनीचं ५जी येतं, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं की ४जीच. फसवलं का मला?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: तेव्हा भारतात ५जी सुरूच नव्हतं, ते झालं १ ऑक्टोबर २०२२ ला, आणि फोनवाल्यांनी ‘५जी’चा स्टिकर आधीच चिकटवून विकला. एअरटेलने सुरुवात केली ती ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीवर, जिओचं स्वतंत्र ५जी, त्यासाठी फोनमध्ये वेगळा सपोर्ट आणि अपडेट लागतो. फोनच्या बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर बँडची यादी असते, त्यात एन७८ (३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा पट्टा) आणि एन२८ (७०० चा पट्टा) दोन्ही आहेत का, आणि ‘एसए’, म्हणजे स्वतंत्र ५जी, असं लिहिलंय का ते बघा. फोनचं सॉफ्टवेअर शेवटपर्यंत अपडेट करून घ्या, सेटिंगमध्ये नेटवर्क टाइप ‘५जी ऑटो’वर ठेवा. एवढं करून नाही आलं तर त्या फोनमध्ये ते येणार नाही, ज्या कंपनीचं ५जी येतं तिचंच सिम ठेवून पुढचा फोन घेईपर्यंत काढा, घाईने नवा घेण्याइतकं ४जी काही वाईट नाही.